भारतीय क्रिकेटसंघाच्या टोपीवरील तारा व पोशाखाचा निळा रंग

गेल्या वर्षीं एका संग्राहक मित्रांनीं आम्हांस एक जुनी, कडेला उसवलेली निळी टोपी दाखविली. हे गृहस्थ मोडी कागदांचे व नाण्यांचे जाणकार. टोपी त्यांच्या संग्रहांत केवळ योगायोगानें आलेली. तिच्यावर भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचें चिन्ह दोऱ्यानें भरलेलें होतें. ‘हें अशोकचक्र, म्हणूनच टोपी निळी,’ असा निर्वाळा त्यांनीं दिला. आम्हीं त्यांस आरे मोजण्याची विनंती केली. अशोकचक्रास चोवीस आरे असतात. टोपीवरील चिन्हांत आरा एकही नव्हता. बाहेर किरण होते आणि मध्यें तारा होता. शिक्क्यांतील एका अक्षराच्या वळणावरून सनद बनावट ठरविणाऱ्या विद्वानानें कापडावरील चिन्ह मात्र न पाहतांच वाचावें, याचें आम्हांस नवल वाटलें. परंतु दोष त्यांचा एकट्याचा नाहीं. कागद, नाणें, ताम्रपट व मुद्रा यांस आपण साधन मानतों. वस्त्रास मानीत नाहीं. साताऱ्याहून पेशवाईचीं वस्त्रें आल्यावांचून पेशवेपद पुरें होत नसे, हें ज्या वाचकांस ठाऊक आहे त्यांस वस्त्र हा राजकीय पुरावा असतो हें निराळें सांगावयास नको.

प्रस्तुत लेखांत दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. टोपीवरचा तारा कोठून आला, हा पहिला. पोशाख निळा कसा झाला, हा दुसरा. सामान्यतः हे दोन्ही प्रश्न एकच समजून एकच उत्तर दिलें जातें. आमच्या मतें दोहोंची वंशावळ वेगळी आहे, व ती वेगळी न ठेवल्यामुळेंच घोटाळा माजला आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. क्रिकेटमध्यें देशाचा रंग सदऱ्यावर असावा ही कल्पना अगदीं अलीकडची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांत विल्यम क्लार्क यानें 1846 सालीं उभारलेला ‘ऑल इंग्लंड’ संघ ठिपक्यांचे सदरे घालून गांवोगांव खेळे. परंतु ते ठिपके धंदेवाईक खेळाडूंच्या एका मेळ्याची खूण होते, राष्ट्राची नव्हे. 1868 सालीं ऑस्ट्रेलियांतील आदिवासी खेळाडूंचा संघ इंग्लंडास गेला तेव्हां प्रत्येकाच्या टोपीचा रंग निराळा होता, कारण प्रेक्षकांस माणूस ओळखूं यावा. म्हणजे रंगाचें काम त्या वेळीं व्यक्ति दाखविण्याचें होतें. पुढें पांढरा पोशाख रूढ झाला आणि रंगास टोपी, कोट व कमरपट्टा एवढीच जागा उरली. या अरुंद जागेंतच राष्ट्रीय रंगांचा सारा इतिहास घडला आहे.

ऑस्ट्रेलियाचें उदाहरण या बाबतींत फार बोधक आहे. आरंभीं तेथील संघास ठराविक रंग नव्हता. एका दौऱ्याचा रंग दुसऱ्या दौऱ्यास नसे. 1886 चा दौरा मेलबर्न क्लबानें काढला म्हणून त्या क्लबाचे लाल, पांढरा व निळा हे रंग खेळाडूंच्या अंगावर आले. 1899 सालीं जो डार्लिंग याच्या नेतृत्वाखालीं संघ इंग्लंडास गेला तेव्हां हिरवा व सोनेरी ही जोडी प्रथम दिसते. 1908 मध्यें तेथील मंडळानें ती कायम केली. आतां गंमत अशी कीं, ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें हिरवा व सोनेरी हे राष्ट्राचे अधिकृत रंग म्हणून जाहीर केले ते 19 एप्रिल 1984 रोजीं. टोपी आधीं, राजाज्ञा नंतर. मध्यंतरीं पंचायशीं वर्षें गेलीं.

खुद्द इंग्लंडाची स्थिति याहून चमत्कारिक. परदेशीं जाणारा इंग्लंडचा संघ 1976-77 च्या दौऱ्यापर्यंत कसोटी सामने सोडून इतरत्र ‘मेरिलबोन क्रिकेट क्लब’ या नांवानें खेळे, आणि त्या क्लबाचे लाल-पिवळे पट्टे दौऱ्यांवर 1996-97 पर्यंत टिकले. हे लाल-पिवळे रंग तरी कोठले? क्लबाचा जुना रंग आकाशी होता. विल्यम निकल्सन नांवाच्या जिन-दारूच्या कारखानदारानें 1866 सालीं लॉर्ड्सची जमीन विकत घेण्यास क्लबास कर्ज दिलें, आणि त्याच्या मालाचे रंग लाल-पिवळे होते; त्यावरून क्लबानें कृतज्ञतेनें ते उचलले, अशी आख्यायिका आहे. कर्ज खरें, कारखाना खरा, रंगही खरे. तथापि या तीन खऱ्यांना जोडणारा दुवा परंपरेचा आहे, लेखाचा नाहीं. बखरी वाचणाऱ्यांस ही जात परिचित आहे. आम्ही ती आख्यायिका खोटी म्हणत नाहीं. ती आख्यायिका म्हणूनच नोंदवावी, इतकेंच म्हणतों. हीच कसोटी आपल्याकडील ताऱ्यास व निळ्या रंगास लावावयाची आहे.

हिंदुस्थानांत क्रिकेट प्रथम उचललें तें मुंबईच्या पारशांनीं. त्यांचा ओरिएंटल क्लब 1848 चा. 1886 व 1888 सालीं पारशी संघ इंग्लंडास जाऊन आले. पण ते पारशांचे संघ होते. 1907 पासून मुंबईस तिरंगी सामने सुरू झाले, 1912 पासून चौरंगी, 1937 पासून पंचरंगी. आणि 1946 नंतर ते बंद पडले. ‘रंगी’ हा प्रत्यय मराठी वर्तमानपत्रांनीं लावला खरा, तथापि मैदानावर सारे पांढऱ्याच कपड्यांत असत! हिंदु, पारशी, मुसलमान, युरोपीय व इतर अशी ती विभागणी होती. अशा व्यवस्थेंत अखिल भारताचा एक रंग निघण्याची सोयच नव्हती. 1911 सालीं पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखालीं पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडास गेला. पळवंकर बाळू यांनीं आपल्या गोलंदाजीनें त्या दौऱ्यांत कीर्ति मिळविली. परंतु त्यामागें कायम संस्था नव्हती. 1926-27 मध्यें आर्थर गिलिगनचा संघ येथें आला. मुंबई जिमखान्यावर सी. के. नायडूंनीं हिंदु संघाकडून 153 धावा केल्या. पुण्याचे प्रोफेसर दिनकर बळवंत देवधर यांनीं अखिल भारतीय संघाकडून 148 केल्या. येथील खेळाडू बरोबरीचे आहेत ही खात्री पटली, आणि डिसेंबर 1928 मध्यें नियामक मंडळ स्थापन झालें. 25 जून 1932 रोजीं नायडूंच्या नेतृत्वाखालीं लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला.

या मंडळानें चिन्ह निवडलें तें ताऱ्याचें. त्याचें मूळ शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. 1857 च्या उठावानंतर कंपनीचें राज्य जाऊन राणीचें राज्य आलें, आणि संस्थानिकांस बांधून घेण्यासाठीं 1861 सालीं ‘स्टार ऑफ इंडिया’ हा मानाचा वर्ग निर्माण झाला. मोगलांची खिलत व आपल्याकडील वस्त्रें यांची जागा घेणारी ही विलायती योजना होती. या वर्गाच्या ताऱ्याची रचना अशी: बाहेर सोनेरी किरणांचा फुलोरा, त्याच्या आंत फिकट निळ्या पट्टीचें वर्तुळ, त्यावर ‘स्वर्गाचा प्रकाश आमचा मार्गदर्शक’ या अर्थाचें इंग्रजी ब्रीद, आणि केंद्रस्थानीं पांच टोंकांचा तारा. गळ्यांत अगर खांद्यावरून जी फीत घ्यावयाची ती फिकट निळी, कडांना पांढरी. पहिल्याच तुकडींत जयाजीराव शिंदे, दुसरे तुकोजीराव होळकर, खंडेराव गायकवाड, निजाम, भोपाळच्या सिकंदर बेगम व पतियाळाचे नरेंद्रसिंग हे होते. तेव्हां ग्वाल्हेर, इंदूर किंवा बडोदें येथील राजवाड्यांतील तैलचित्रें पाहणाऱ्यांनीं ही निळी फीत पूर्वींच पाहिलेली आहे. तोच तारा पुढें व्हाइसरॉयच्या निशाणावर गेला, ब्रिटिश हिंदुस्थानच्या तांबड्या निशाणावर गेला, आणि 1928 पासून 1936 पर्यंत आपले हॉकीपटू ज्या निशाणाखालीं ऑलिंपिक जिंकले त्यावरही तोच होता.

आतां मंडळाच्या चिन्हाची या ताऱ्याशीं ताडणी करावी. बाहेर किरण, त्यांच्या आंत अक्षरांचें वर्तुळ, मध्यें तारा: घडण तीच, क्रम तोच. ब्रीदाच्या जागीं मंडळाचें नांव आलें एवढाच मुख्य भेद. 1928 सालीं अखिल हिंदुस्थानचें असें दुसरें चिन्ह शासनमान्य नव्हतेंच. मंडळाचे पहिले अध्यक्ष ग्रँट गोव्हन हे इंग्रज व्यापारी. खेळास पैसा पुरविणारे बहुतेक संस्थानिक, आणि त्यांच्यापैकीं कित्येकांच्या छातीवर हा तारा प्रत्यक्ष होता. घडणीचें साम्य, काळाचा मेळ व पुरस्कर्त्यांचा वर्ग या तिन्ही गोष्टी एकाच दिशेस बोट दाखवितात. टोपीवरील तारा हा मानचिन्हाचाच तारा होय, हें आम्ही सिद्ध मानतों. अशोकचक्राचा पक्ष कालदृष्ट्याच टिकत नाहीं, कारण चक्रांकित ध्वज संविधान सभेनें स्वीकारला तो 22 जुलै 1947 रोजीं.

खरा प्रश्न यानंतरचा आहे. 1947 नंतर निशाण बदललें, 26 जानेवारी 1950 रोजीं सारनाथचे सिंह राजमुद्रेवर आले, नाण्यांवरून राजाचें मुख गेलें. ‘स्टार ऑफ इंडिया’च्या नेमणुका 1948 च्या आरंभींच संपल्या, आणि त्या वर्गाचे शेवटचे हयात सरदार, अलवारचे महाराज तेजसिंग, 2009 सालीं वारले. अशा रीतीनें मूळ वर्ग निर्वंश झाला. त्याची आकृति मात्र टोपीवर जिवंत राहिली. दक्षिण आफ्रिकेशीं तुलना केली तर हें वैशिष्ट्य अधिक उठून दिसतें. तेथें वर्णभेदाच्या राजवटीशीं निगडित झालेलें हरणाचें चिन्ह क्रिकेटसंघानें टाकलें व प्रोटिया हें फूल घेतलें. आपल्याकडे चिन्ह टाकण्याचा प्रसंग आला नाहीं, कारण त्याचें मूळ लोक विसरले होते! जें विसरलें जातें त्यावर नवा अर्थ सहज बसतो. तारा हा चक्र झाला तो असा.

या विस्मृतीस आणखी एक कारण आहे. संघ ‘भारताचा’ असला तरी चिन्ह सरकारचें नव्हे, एका नोंदणीकृत संस्थेचें आहे. झी टेलिफिल्म्सच्या खटल्यांत मंडळानें सर्वोच्च न्यायालयापुढें हाच पवित्रा घेतला होता कीं संघ मंडळाचा आहे. आणि 2005 मध्यें न्यायालयानें तीन विरुद्ध दोन अशा मतांनीं मंडळ हें राज्यघटनेच्या बाराव्या कलमाखालीं ‘राज्य’ नव्हे असा निर्णय दिला. त्याच वर्षीं राष्ट्रीय मानचिन्हांच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन तिरंगा पोशाखावर धारण करण्यास वाट मिळाली; अट अशी कीं तो कमरेच्या खालीं नसावा. सचिन तेंडुलकर यांच्यासारख्यांच्या शिरस्त्राणावर तिरंगा व तारा हे एकत्र दिसत: एक 1947 चा, दुसरा 1861 च्या वंशांतला. 2018 मध्यें केंद्रीय माहिती आयोगानें साम्राज्यकालीन चिन्ह अद्याप कां, असा प्रश्न केला. चिन्ह ठेवावें कीं काढावें हें ठरविण्याचें काम आमचें नाहीं. ठेवलें तर त्याच्या खऱ्या नांवानिशीं ठेवावें आणि काढलें तर तें काय होतें हें जाणून काढावें, इतका आग्रह मात्र संशोधकानें धरला पाहिजे.

आतां निळ्या रंगाकडे वळूं. येथें पुराव्याचें स्वरूप एकदम बदलतें. छायाचित्रांत तारा दिसतो, रंग दिसत नाहीं. 1932 चीं सर्व छायाचित्रें काळींपांढरीं आहेत. रंगासाठीं प्रत्यक्ष कापड अगर समकालीन वर्णन पाहिजे. अशीं कांहीं वर्णनें दुसऱ्या खेळांतून मिळतात. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या उद्घाटनास भारतीय पथक सोनेरी कुल्ल्यांवर फिकट निळे फेटे बांधून गेलें होतें, व तें लग्नाच्या वरातीसारखें दिसलें. म्हणजे फिकट निळा व सोनेरी ही जोडी स्वातंत्र्याच्या आधींच भारतीय खेळाडूंच्या अंगावर होती. मानचिन्हाची फीत फिकट निळी, तारा सोनेरी. दोहोंचा संबंध असण्याचा संभव आहे. तथापि हें अनुमान झालें. ताऱ्याच्या बाबतींत आपण ‘सिद्ध’ हा शब्द वापरला, तो येथें वापरतां येत नाहीं. निकल्सनच्या जिनसारखीच ही गोष्ट आहे. याच बर्लिनची एक आठवण अशी कीं, अंतिम सामन्यापूर्वीं व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनीं कपडे बदलावयाच्या खोलींत काँग्रेसचा तिरंगा काढला व खेळाडूंनीं त्यास वंदन केलें. फेटा एका रंगाचा होता आणि निष्ठा दुसऱ्या. वस्त्रावरून मन वाचतांना हें विसरूं नये.

क्रिकेटचा सदरा मात्र निळा झाला तो राजाज्ञेनें नव्हे आणि राष्ट्रभावनेनेंही नव्हे, तर दिव्यांच्या उजेडानें. 1977 सालीं केरी पॅकर या ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणी-मालकानें प्रस्थापित मंडळांशीं भांडून स्वतःचे सामने सुरू केले. रात्रीं दिव्यांत खेळावयाचें तर लाल चेंडू दिसेना, म्हणून चेंडू पांढरा केला. पांढरा चेंडू पांढऱ्या सदऱ्यावर दिसेना, म्हणून सदरा रंगविला. 17 जानेवारी 1979 रोजीं सिडनीस पॅकरचे ऑस्ट्रेलियन पिवळ्या व वेस्ट इंडियन गुलाबी पोशाखांत उतरले. गुलाबी रंगास वेस्ट इंडीजच्या परंपरेंत कसलाच आधार नव्हता. त्यांचा रंग तपकिरी झांक असलेला गडद लाल, आणि चिन्ह ताडाचें झाड व यष्ट्या. तें बेटांचें एकत्र राज्यच नाहीं, म्हणून त्यांस राज्याचें चिन्ह उसनें घेण्याचा मोहही झाला नाहीं. 1980-81 च्या मोसमांत भारतीय संघ ऑस्ट्रेलियांत गेला तेव्हां त्यास रंगीत पोशाख प्रथम घालावा लागला. न्यूझीलंडच्या संघानें, ज्याची टोपी काळी, त्या मोसमांत मातकट बदामी रंग घातला होता, हें पाहिलें म्हणजे या रंगांची निवड किती सैल होती तें कळतें.

घरीं मात्र पांढरें राज्य चालू राहिलें. 1983 चा विश्वचषक कपिल देव यांच्या संघानें पांढऱ्या कपड्यांत जिंकला. 1987 चा विश्वचषक भारत-पाकिस्तानांत पांढऱ्यांतच झाला. मधल्या 1985 च्या मेलबर्नच्या विजयांत संघ फिकट निळ्या-पिवळ्या पोशाखांत होता. त्यानंतर 1992 चा विश्वचषक ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें झाला. विश्वचषकांत रंगीत कपडे, पांढरा चेंडू व पाठीवर नांवें हीं तेथें प्रथम आलीं. सर्व संघांच्या सदऱ्यांचा आराखडा एकच, खांद्यावर रंगीत पट्टे. फक्त मुख्य रंग निराळा. त्यांत भारतास गडद निळा मिळाला आणि फिकट निळा इंग्लंडास! आज ज्यास आपण ‘आपला’ निळा म्हणतों तो त्या वर्षीं इंग्लंडच्या अंगावर होता, हें अनेक क्रिकेटप्रेमी विसरतात. 1996 व 1999 मध्यें भारत पुन्हां आकाशी निळ्यावर आला, 2003 मध्यें छातीवर तिरंग्याचा फटकारा आला, 2011 मध्यें निळा पुन्हां गडद झाला. तीस वर्षांत एवढी चढउतार झालेला रंग ध्वजावरील चक्राच्या ठराविक गडद निळ्यावरून बेतला होता, हें म्हणणें कापडाच्या साक्षीपुढें टिकत नाहीं. निळा कायम राहिला. कोणता निळा, हें दर वेळीं ठरविलें गेलें.

हा निळा किती रुजला होता तें 30 जून 2019 रोजीं बर्मिंगहॅमला कळलें. दोन्ही संघ निळे असल्यास एकानें दुसरा रंग घालावा या नियमामुळें भारत पाठीस व बाह्यांस भगव्या-नारिंगी रंगाचा सदरा घालून इंग्लंडविरुद्ध उतरला, आणि सामना 31 धावांनीं हरला. सामन्याच्या आधींपासूनच त्या रंगावरून राजकीय वाद माजला होता. ज्या निळ्याचा निर्णय घेणारा कागद कोणी दाखवीत नव्हतें, तो बदलतांच इतकें वादळ उठावें, यांतच त्या निळ्याचा अधिकार दिसून येतो.

संग्राहकांसाठीं दोन-तीन सावधगिरीच्या गोष्टी नमूद करणें अवश्य आहे. 2014 ते 2017 या काळांतील सदऱ्यांवर छातीवर ‘स्टार’ हा शब्द आढळेल. तो त्या वेळच्या प्रायोजक दूरचित्रवाणी-कंपनीचा आहे, त्याचा मानचिन्हाशीं संबंध नाहीं. पुढील शतकांतील एखादा उत्साही अभ्यासक यावर निबंध लिहील अशी आम्हांस भीति वाटते. मंडळाच्या चिन्हाच्या वर जे लहान तारे येतात ते विश्वचषक-विजयांचे: 1983, 2007 व 2011 मिळून पूर्वीं तीन असत, परंतु 2023 च्या एकदिवसीय विश्वचषकाच्या सदऱ्यावर दोनच, कारण तेथें फक्त एकदिवसीय विजय मोजले आहेत. ताऱ्यांच्या संख्येवरून काल ठरवितांना सामन्याचा प्रकार आधीं पाहावा. तसेंच सप्टेंबर 2025 च्या आशिया चषकांतील सदरे प्रायोजकाच्या नांवावांचून आहेत. ऑनलाइन खेळांसंबंधींच्या नव्या कायद्यामुळें आधीचा प्रायोजक गेला व नवा यावयाचा होता. अशा सदऱ्यावर नांव नाहीं म्हणून तो नकली समजूं नये.

सर्वांत अधिक घोटाळा 1992 च्या सदऱ्याविषयीं होणार आहे. नोव्हेंबर 2020 मध्यें सिडनीस भारतीय संघानें त्याच गडद निळ्या सदऱ्याची, खांद्यावरील पट्ट्यांसह, मुद्दाम केलेली नवी आवृत्ति घातली, आणि तिच्या प्रती बाजारांत आल्या. दोन्ही ओळखण्याची खूण साधी आहे. 2020 च्या सदऱ्यावर छातीवर बायजूज हें नांव व कपडे पुरविणाऱ्या एमपीएलचें चिन्ह आहे. 1992 चा सदरा यांपासून मुक्त असून त्यावर देशाचें नांव पिवळ्या अक्षरांत आहे.